लाल टिकली

मुलानं परस्पर नाव नोंदवलं आणि मला एवढंच सांगितलं, की कलादालनात वारली चित्रं लागली आहेत. ते खोटं नव्हतं. फक्त दारातल्या कापडी फलकावर 'ज्येष्ठ एकल स्नेहमेळावा' असं लिहिलेलं होतं. मी परत फिरायला वळले, तर रिक्षावाला सहा रुपये सुटे न देताच पसार झालेला.

"काकू, टिकली लावून घ्या," टेबलापाशी बसलेली चुणचुणीत मुलगी म्हणाली. माझा हात कपाळाकडे गेला. तिथं माझी बारकी काळी टिकली होतीच.

"तशी नाही, पदराला. लाल म्हणजे लग्न करायचंय, हिरवी म्हणजे लग्नाशिवाय सोबत, पिवळी म्हणजे नुसती मैत्री."

मी पिवळी घेतली. पुण्यात पिवळा दिवा कुणी पाळत नाही, हे तेव्हाच आठवायला हवं होतं.

दालनाचा शिपाई मात्र हैराण होता. "आमच्याकडं चित्राला लाल टिकली लागली म्हणजे ते विकलं गेलं," तो मला हळूच म्हणाला. "इथं तर सतरा काका विकले गेलेत, आणि कुणी घेतले त्याचा पत्ता नाही."

मग ओळखी. प्रत्येकी दोन मिनिटं. बायका गेलेल्या नवऱ्यांबद्दल बोलल्या, पुरुष फ्लॅटबद्दल. एकानं सांगितलं, "दोन बीएचके, स्वतःचा, लिफ्ट आहे, एक गुडघा बदललेला." टाळ्या लिफ्टला पडल्या.

चहाला उठले तर सफारीतले एक गृहस्थ आडवे आले.

"पेन्शनर की फॅमिली पेन्शनर?"

"फॅमिली. हे पोस्टात होते."

"म्हणजे केंद्र सरकार. मूलबाळ?"

"एक मुलगा."

त्यांचा चेहरा उतरला. "मग लग्न केलंत की तुमची पेन्शन बंद. अपत्य नसतं तर पुनर्विवाहानंतरही चालू राहिली असती, उत्पन्नाची मर्यादा सांभाळून." मुलगा झाल्याबद्दल माझं सांत्वन करणारा हा आयुष्यातला पहिलाच माणूस. "तुम्ही हिरवी घ्यायला हवी होती," जाता जाता ते म्हणाले. म्हातारपणी लोक लग्नाशिवाय एकत्र का राहतात, हे मुलं 'आधुनिक विचार' वगैरे म्हणून समजावून सांगतात. खरं कारण पासबुकात असतं.

मी बशी घेऊन चित्रांकडे सरकले. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कमरेची तक्रार नसलेली त्या दालनातली तेवढीच मंडळी. मधोमध मोठा लग्नचौक होता, गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेला, आत पालघट देवी. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की हा चौक परंपरेनं सवाशिणींनीच काढायचा. त्याच्याभोवती आम्ही नऊ विधवा बटाटेवडे खात उभ्या. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवल्या, आणि १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ब्रश हाती घेतल्यावर ही कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्यांची रेष अप्रतिमच, त्याबद्दल वाद नाही. पण एवढं सगळं मांडून झाल्यावर पाटीवर एकाही सवाशिणीचं नाव असू नये?

हे मी शेजारणीला सांगणार, तेवढ्यात तीन खुर्च्या माझ्याकडे सरकल्या. एकाला माझी रास हवी होती, दुसऱ्याला रक्तगट. तिसऱ्यानं विचारलं, "घडीच्या पोळ्या येतात?"

"विकतच्या आणते."

"हरकत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे घेतली.

त्रेसष्टाव्या वर्षी आपल्यात अचानक हे काय आलं, मला कळेना. रिक्षात बसल्यावर मी हळूच समोरच्या आरशात पाहून घेतलं. खोटं कशाला बोलू, बरी दिसत होते.

घरी आले तर नातू ओरडला, "आजी, तुझ्या पाठीला काहीतरी चिकटलंय!"

सुनेनं काढून हातावर ठेवली. लाल टिकली. कुणा काकांची खुर्चीच्या पाठीला लागली असणार आणि तिथून मला. माझी पिवळी कधीच गळून गेली होती.

"फेकू का?" सून हसू दाबत म्हणाली.

मी ती घेतली, पाय धुवायला गेले आणि सवयीनं बाथरूमच्या आरशाला चिकटवून ठेवली.