चाकोरीबाहेर

माझा भाचा राहतो पुण्यात आणि त्याचे सल्ले राहतात आमच्याकडे नागपुरात. मागच्या दिवाळीला आला तेव्हा फराळाच्या ताटावरून माझ्या पोटाकडे आणि पोटावरून पुन्हा ताटाकडे बघत म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा चाकोरीबाहेर पडाच."

पंचवीस वर्षं मी प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स आणि सिव्हिल लाइन्स ते प्रतापनगर करतोय. त्यामुळे शब्द लागला. लागला म्हणूनच सायकल आली, नाहीतर मी सुखात होतो.

भाचा कंपनीच्या कामाने दोन वर्षं इंग्लंडला होता. तिथे डार्टमूर नावाच्या माळावर तो सायकल हाणायचा. चकल्या खाता खाता त्याने फोटो दाखवले. मैलोगणती झाड म्हणून नाही. ऑगस्टात फुलणारी हेदरची जांभळी झुडपं, मधोमध ग्रॅनाइटचे उघडे खडक, आणि रस्त्यात मालकाच्या जिवावर मोकाट सुटलेली बुटकी तट्टं. खोलगट जागी पीट, म्हणजे पाण्यात धड न कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती. त्यात पाय गेला की पाय परत येतो, बूट येईलच असं नाही. अशा रानातून जायला खास सायकल असते, तिला म्हणतात ग्रॅव्हल बाइक. ग्रॅव्हल म्हणजे आपली गिट्टी. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी 2006 पासून गिट्टीच्या रस्त्यांवर एका दमात 200 मैलांची शर्यत होते, आणि 2022 पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच सुरू झाली आहे.

आमच्या गल्लीत ठेकेदार गिट्टी टाकून दोन पावसाळे गायब होता तेव्हा आम्ही नगरसेवकाला शिव्या घातल्या. त्या माणसाची दूरदृष्टी कळायला मला भाचा लागला.

सायकल आली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र 40 मिलिमीटरचे, जाडजूड. आत ट्यूब नाही. ट्यूबऐवजी पांढरा चिकट द्रव, छोटं भोक पडलं तर तो आतून आपोआप बुजवतो म्हणे. हवा 35 पीएसआय, म्हणजे कारच्या चाकात भरतात साधारण तेवढीच. आमच्या चौकातला पंक्चरवाला सायकलीत दगडासारखी हवा भरणारा माणूस. त्याने टायर अंगठ्याने दाबून माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी पाहतात.

बायकोने सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "कॅरिअर नाही. घंटी नाही. चिखलाचं मडगार्ड नाही. आणि हो, स्टँड कुठे आहे?"

"या सायकलीला स्टँड नसतो," मी म्हटलं. "वजन वाढतं."

"कोणाचं?" ती म्हणाली आणि आत गेली.

स्टँडचा मुद्दा तिने काढला तेव्हा मी हसलो होतो. हे पुढे लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मार्ग भाच्याने पुण्यात बसूनच आखला. उपग्रहाच्या चित्रावर बोट फिरवून त्याने हिंगण्याच्या पुढे झिलपी तलावापर्यंत जायचं, तिथून एका पांदणीत शिरायचं आणि वळसा घालून परत यायचं, अशी निळी रेघ माझ्या मोबाइलवर पाठवली. "मामा, काय मोकळं रान आहे! डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाचा, शेवटचा पदर आहे तो. नागपूरच्या पूर्वेला खडकच बदलतो. असा मुरूम तुम्हाला तिकडे मिळायचा नाही."

नोव्हेंबरातला रविवार, पहाटेचा गारवा. हिंगणा रोडवर डोक्यावरून मेट्रोचे खांब, मग एमआयडीसी, मग हिंगणा. तिथे एक प्लेट तर्री-पोहे. एकच, कारण चाकोरीबाहेर पडायचं होतं. दुसरी प्लेट तर्री वाया जाऊ नये म्हणून. झिलपीच्या पाण्यावर ऊन उतरत होतं, दोन बगळे उभे होते, मुरमावर टायर कुरकुर असा छान आवाज करत होते. तेवढी वीस मिनिटं मला भाच्याबद्दल खरोखर माया वाटली.

मग पांदण आली.

ज्यांनी पांदण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन वावरांच्या मधून बंडी जायला सोडलेली वाट म्हणजे पांदण. बंडीची चाकं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागेवरून जातात, त्यामुळे दोन बाजूंना दोन खोल चर पडतात आणि मधे गवताचा उंचवटा उरतो. त्या चराला मराठीत काय म्हणतात? चाकोरी. मी लाखाच्या घरातली सायकल घेऊन तीस किलोमीटर आलो होतो आणि शब्दशः चाकोरीत शिरलो होतो. बरं, बाहेर पडायचीही सोय नाही. उजवं पेडल खाली गेलं की उजव्या काठाला घासे, डावं गेलं की डाव्या. उंचवट्यावर चढायला गेलो तर चाक काठावरून घसरून परत जागेवर. नोकरीत निदान अर्जित रजा तरी मिळते.

त्यात दोन दिवसांपूर्वी अवकाळी शिंतोडे पडून गेले होते. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव असा की उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात जातो आणि पावसात तिच्या पोटात पाय जातो. पाणी पिऊन ती फुगते आणि मग जे मिळेल त्याला मिठी मारते. आधी टायरवर पातळ थर बसला. त्या थराला गवत चिकटलं, गवताला पुन्हा माती, तिच्यावर सोयाबीनचं कुटार. असं करत करत चाक आणि त्याच्यावरचा दांडा यांच्यामध्ये पक्की वीट तयार झाली आणि पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. मी पराटीची एक वाळकी काडी मोडून ती वीट कोरत बसलो. काडी मोडली. दुसरी घेतली. दहा पावलं गेलो, नवी वीट. दहा किलोची सायकल शेवटी खांद्यावर घेतली तेव्हा ती वीस-पंचवीस किलोची झाली होती आणि माझ्या प्रत्येक बुटाखाली जुन्या सिनेमातल्या नट्यांना असायची तेवढी टाच तयार झाली होती.

अशा अवस्थेत शंभर पावलं गेलो आणि पांदण संपली. म्हणजे मोबाइलवरची निळी रेघ सरळ पुढे जात होती. समोर डोक्याएवढी, पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर उभी होती.

धुऱ्यावर एक बाबाजी बसले होते. बाजूला बंडी, बैल सोडलेले, बंडीत कापसाची गाठोडी.

"कुठी चालले भाऊ?"

मी रेघ दाखवली. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.

"रस्ता हाये ना. बरोब्बर हाये. पण तो उन्हाळ्यात राह्यते."

भाच्याच्या मोकळ्या रानाचं कोडं तिथे सुटलं. उपग्रहाने फोटो काढला असणार मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे सगळंच मोकळं असतं.

बाबाजींकडून मग कळलं की गावनकाशावर इथे दोन तुटक रेषा आहेत. एक तुटक रेषा म्हणजे पायवाट, दोन म्हणजे गाडीरस्ता. पण त्यातली एक रेषा थोरल्या भावाच्या वावराला लागून आणि दुसरी धाकट्याच्या. दोघंही दरवर्षी एकेक तास, म्हणजे पेरणीची एकेक ओळ, पुढे पेरतात. केस तहसीलमध्ये आहे. 1906 चा मामलेदार न्यायालयांचा कायदा, कलम 5, वहिवाटीची अडवलेली वाट मोकळी करून मिळणे. कलम त्यांना तोंडपाठ होतं. भाच्याने मला इंग्लंडातला 1968 चा कायदा असाच अभिमानाने सांगितला होता. घोड्यांसाठी राखलेल्या वाटांवर त्या कायद्याने सायकलवाल्यांना मुभा दिली, अट एकच, पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. उभ्या तुरीला वाट द्यायची की नाही याबद्दल तो कायदा काही बोलत असेल असं वाटत नाही.

"पाणी घ्या," बाबाजी म्हणाले. मी पाणी घ्यायला सायकल टेकवायला जागा शोधली. स्टँड नव्हता. कुंपणाची तार होती.

"तारीले लावू नका, झटका म..."

रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून आता सगळीकडे सोलरवर चालणारं झटका मशीन असतं. ते सेकंदा-सेकंदाला टक् टक् करतं आणि शिवणाऱ्याला मारत नाही, फक्त कायमची आठवण देतं. सायकलीची चौकट अॅल्युमिनियमची, हँडल माझ्या हातात, पाय ओल्या मातीत. बायकोचा प्रश्न मला कोपरापर्यंत कळला.

सायकल सुटून आडवी पडली ती नेमकी सराट्यावर. भाच्याने बजावलं होतं की काटा शिरला तर उपटू नका. पण झटका बसलेल्या माणसाला उपदेश आठवत नाहीत. मी काटा उपटला आणि टायरमधून पांढरी चिळकांडी थेट माझ्या शर्टावर उडाली.

बाबाजी उठून जवळ आले. रुईचं पान मोडल्यावर चीक निघतो तसा तो द्रव भोकातून फुरफुरत होता. बराच वेळ त्यांनी निरखून पाहिलं.

"हे दूध कायचं निघून राहिलं?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "म्हंजे आचळ वरून दाबाचं नाही, उलटं करा लागते." आणि चाक फिरवून भोक खाली आणलं. मिनिटभरात ते खरंच बुजलं. पुण्याच्या तज्ज्ञाने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास घेऊन मला हेच शिकवलं होतं.

"बसा बंडीत," ते बैल जुंपत म्हणाले. "डांबरीपावतर सोडतो. सायकल बी टाका. स्टँड नाही का हो हिले?"

मी गाठोड्यांवर बसलो. कापूस उन्हाने कोमट झाला होता. बंडीची चाकं चाकोरीत अशी बसली जशी आगपेटीत काडी, आणि ज्या काळ्या मातीने मला तासभर रडवलं तिच्यातून बैल मान हलवत, घुंगरं वाजवत निघाले. माझे आजोबा याच बाजूला रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, लग्नाला जायचे, असं आई सांगायची. तेही कधी सायकल खांद्यावर घेऊन गेले असतील असं वाटत नाही. मला झोप लागली.

घरी आलो. बायकोने मला अंगणातच थांबवून पाइप सोडला, आधी सायकलीवर. तेवढ्यात मोबाइल वाजला. सकाळी सुरू केलेली वेगाची नोंद बंद करायची मी विसरलो होतो, ती थेट भाच्यापर्यंत पोचली होती.

"मामा! पांदणीत सुरुवातीला जरा ढेपाळलात, पण शेवटच्या चार किलोमीटरला काय सुटलात! एकदम एकसारखा वेग. केलंत काय नेमकं?"

मी कापसाचं एक बोंड केसांतून काढलं आणि लिहिलं, "थोडा दम राखून ठेवला होता."