धुळीच्या छत्रीवर विसंबू नका

‘वाळवंटातली धूळ ही पृथ्वीची नैसर्गिक छत्री आहे. धूळ वाढतेय, ऊन अडतंय, तापमानवाढ आपोआप आटोक्यात येईल. मुंबईतला तो धुळीचा दिवस किती गार होता, आठवा!’ असा संदेश सध्या ग्रुपांवर फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तो लोकांना पटतो, आणि म्हणूनच मला तो काळजीचा वाटतो.

आधी मुंबईचं. 23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून धूळ आली आणि गाड्यांच्या काचांवर पिठासारखा पांढरा थर बसला. दिवस गार होता, कबूल. पण वायव्येचे थंड वारेही त्याच वेळी वाहत होते.

‘ऊन अडतंय’ म्हणताना धूळ कुठली आणि ती कशावर आहे, हे बघावं लागतं. बारीक कण ऊन माघारी पाठवतात. जाड कण ऊन शोषतात, वर जमिनीतून निघणारी उष्णताही अडवून धरतात. धूळ काळ्याभोर समुद्रावर तरंगत असेल तर खालच्या पाण्यापेक्षा ती उजळ, म्हणून थंडावा. तीच हिमालयाच्या बर्फावर बसली की बर्फ मळकट होतं, जास्त ऊन पितं आणि लवकर वितळतं. पावसाचंही तसंच. अरबी समुद्रावरची धूळ वरची हवा तापवते, त्यामुळे बाष्पाचे वारे जोरात ओढले जातात आणि आठवडाभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो, असं हवामानशास्त्रज्ञ व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. हे छत्रीचं काम नव्हे.

‘धूळ वाढतेय’ हे बरोबर आहे. हवामानशास्त्रज्ञ जॅस्पर कोक आणि सहकाऱ्यांच्या 2023 च्या आढाव्यानुसार औद्योगिक युगाच्या आधीपेक्षा हवेतली धूळ सुमारे 55 टक्क्यांनी वाढली. पण त्याच आढाव्यात या वाढीने मिळालेला थंडावा आहे दर चौरस मीटरला जेमतेम 0.07 वॅट, आणि अनिश्चितता इतकी की प्रत्यक्षात थोडी उष्णताही मिळत असू शकेल. त्याच मापाने, एकट्या वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मिळणारी जादा उष्णता 2019 पर्यंत 2 वॅटच्या वर गेली होती.

शिवाय धूळ टिकत नाही. जाड कण लवकर खाली बसतात, बारीक कण फार तर आठवडा-दोन आठवडे तरंगतात. मुंबईकरांनी गाड्यांवरची ती धूळ केव्हाच पुसून टाकली. त्या वर्षी जाळलेल्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड मात्र अजून बराचसा हवेतच आहे.