रानडुक्कर, टणक गोळी आणि ‘कुकरमध्ये शिसे जाते’ हा दावा

परवा रात्री बार्शीच्या मामांनी एक मेसेज पाठवला आणि खाली विचारले, ‘‘हे खरं का रे?’’ सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या कित्येक गटांत फिरणाऱ्या या मेसेजचे म्हणणे असे : रानडुकरासाठी मिलिटरीची आरपार जाणारी टणक गोळीच उत्तम, मऊ टोकाची गोळी क्रूर असल्याने तिच्यावर जगभर बंदी आहे, आणि जखमेभोवतीचे चार बोटे मांस काढून बाकीचे कुकरमध्ये शिजवले की गोळीचे शिसे निघून जाते. डुकरांनी एका रात्रीत लोळवलेली मामांची ज्वारी मी पाहिली आहे, म्हणूनच त्यांच्या हाती असला सल्ला पडल्याचा संताप येतो.

बंदीची गोष्ट अर्धीच खरी आहे. १८९९च्या हेग जाहीरनाम्यातील बंदी युद्धापुरती होती. शिकारीत नियम नेमका उलटा असून, इंग्लंडच्या १९९१च्या हरीणविषयक कायद्यानुसार रायफलसाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी लागते. मिलिटरीची टणक गोळी, म्हणजे शिशावर संपूर्ण धातूचे कवच असलेली गोळी, बहुधा अरुंद छिद्र पाडून उरलेल्या वेगानिशी पलीकडे जाते. मऊ टोकाची गोळी आत उमलून जवळपास दुप्पट रुंद होते आणि प्राणी लवकर कोसळतो. गोळी खोल जायला हवी, हे मान्य. हत्तीसाठी टणक गोळी वापरतात, हेही खरे. पण टणक गोळी लागलेले डुक्कर पळत उसात शिरले, तर त्याचे हाल होतात आणि ऊसतोड मजुरांच्या जिवाला घोर लागतो. शिवाय मामांची बंदूक बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्यांच्या काडतुसांची आहे. रायफलची गोळी तिच्यात चालतच नाही.

खरा घातक मुद्दा शिशाचा. शिसे वितळायला ३२७ अंश सेल्सियस लागतात, कुकरमधले तापमान १२० अंशांच्या आसपास असते, आणि वितळले तरी ते जाणार कुठे? उलट चिंच किंवा ताक घातलेल्या आंबट रश्श्यात ते अधिक विरघळते. मऊ टोकाची शिशाची गोळी उमलताना तिचे कण उडतात. २००९ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात अशा गोळ्यांनी मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले, तेव्हा कण जखमेपासून दूरवर विखुरलेले दिसले. खाटकांनी नेहमीप्रमाणे साफ करून दिलेल्या खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत धातूचे कण सापडले. ते मांस शिजवून डुकरांना खाऊ घातल्यावर दोन दिवसांत त्यांच्या रक्तातील शिसे वाढले. म्हणजे चार बोटांचा हिशेबही गेला आणि कुकरचाही. म्हणूनच संपूर्ण तांब्याच्या, जवळजवळ न तुटणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना राज्यभर बंदी आहे. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित ठरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो. मामांच्या पंगतीत चार वर्षांची नात बसते.

मेसेजमध्ये कायद्याचा एक शब्द नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे हा गुन्हा आहे, आणि परवानगीने मारलेले डुक्करही कलम ३९प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरते. ते शिजवायचा प्रश्नच येत नाही. मामांना मी हे सर्व रात्रीच फोनवर सांगितले आणि ज्वारीच्या नुकसानीचा अर्ज आधी वनविभागात देऊन पंचनामा करून घ्यायला सांगितले.