इंजिन चालवायचे नसते

एचओ मापाच्या, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या प्रतिकृती-रेल्वेच्या, जुन्या डिझेल इंजिनांचा संग्रह करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर पहिले कर्तव्य हे, की ही खेळणी नव्हेत, असे घरातील मंडळींना ठणकावून सांगावे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या वाड्यात पहिले पार्सल आले, तेव्हा ‘मुलगा तर नोकरीला लागला, मग हे कोणासाठी?’ असे आत्याने विचारले होते. प्रमाण 1:87 आहे, रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर आहे आणि खऱ्या 1435 मिलिमीटरच्या रुळाशी त्याचा हिशेब बरोबर जुळतो, असे मी सविस्तर सांगू लागताच ती वाती वळायला देवघरात निघून गेली. कोणताही आक्षेप मोडून काढण्याची हीच रीत आहे.

भारतीय इंजिनाच्या वाटेला मात्र जाऊ नये. आपल्या 1676 मिलिमीटरच्या रुळाला या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरहून अधिक जागा लागते, त्यामुळे 16.5 च्या रुळावर उभे केलेले डब्ल्यूडीएम-2 हे आपले डिझेल इंजिन पाय आखडून बसल्यासारखे दिसते. आणि त्याहून वाईट म्हणजे ते सर्वांनी पाहिलेले असल्याने शेजारीसुद्धा त्यातली चूक काढू शकतो. त्यापेक्षा लाल-रुपेरी रंगाचे अमेरिकन एफ-7 घ्यावे. ते आपल्या गल्लीत कोणीच पाहिलेले नसते (आपणही नसते), त्यामुळे तज्ज्ञ व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत.

खरेदी करताना विक्रेत्याची भाषा समजून घ्यावी. ‘अनटेस्टेड’ याचा अर्थ तपासले, चालले नाही, असा आहे. ‘किरकोळ दुरुस्ती हवी’ असे लिहिले असेल, तर दुरुस्तीचा प्रयत्न आधीच कोणीतरी करून चुकला आहे, असे समजावे. डबा मूळचा असेल तर इंजिनाच्या तोंडाकडे पाहूच नये, कारण आपण पैसे मोजतो ते त्या पुठ्ठ्याचे.

तरीही इंजिन चालवून पाहण्याचा मोह झालाच, तर थोडी पूर्वतयारी लागते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन कंपनीने दंतचक्रांचा खर्च वाचवण्यासाठी मोटरच्या दांड्यावरून थेट चाकांच्या आसांवर रबर बँड चढवण्याची युक्ती काढली होती. साठ वर्षांनी ते रबर अर्थातच पापडासारखे मोडते. मी त्याजागी कोथिंबिरीच्या जुडीचे रबर लावले. वेग कमी करायला मध्ये दंतचक्रेच नसल्यामुळे 12 व्होल्टची वीज मिळताच ते इंजिन टेबलाच्या टोकापर्यंत गेले आणि टोकाशी न थांबता पुढेही गेले. त्यासोबत आलेला 120 व्होल्टचा अमेरिकन पॉवरपॅक मी आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये खोचला होता की काय, हे कृपया विचारू नये. एवढेच सांगतो, की त्याने प्रकाश एकदाच दिला, पण मनसोक्त दिला.

हे संकट टळले तरी जस्ताचा रोग आहेच. जुन्या ओतकामातील जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि एके दिवशी डब्यात इंजिनाऐवजी करडा चुरा सापडतो. त्यावर उपाय नाही. म्हणून डबा उघडूच नये. बंद डब्यातील इंजिन कधीच बिघडलेले नसते. मेमधील पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचे कवच वाकू नये म्हणून ते गजकाच्या डब्यात घालून कूलरसमोर ठेवावे. घरच्यांनी आळीपाळीने उकाडा सोसायला हरकत नाही.

पाहुण्यांपुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास महालाचा दाखला जरूर द्यावा. तिथल्या जेवणाच्या टेबलावरून चांदीची छोटी गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरत असे. म्हणजे हा छंद राजमान्य ठरतो. ती गाडी चालत असे, हा तपशील गाळावा.

आणखी एक पथ्य पाळावे: ग्वाल्हेर–श्योपूर मार्गाचा विषय निघू देऊ नये. अवघ्या 610 मिलिमीटर रुंदीच्या रुळावरून जवळजवळ दोनशे किलोमीटर जाणारी ती गाडी, अलीकडच्या काळात डिझेल इंजिनाने ओढलेली, 2020 मध्ये बंद होईपर्यंत आपल्याच शहरातून सुटत होती, आणि अमेरिकेच्या सांताफे रेल्वेच्या डब्यांचे क्रमांक तोंडपाठ असलेले आपण तिच्यात एकदाही बसलो नाही. आत्याचे सासर सबलगढचे. गाडी चढावर इतकी रेंगाळे, की पोरे खाली उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असे ती सांगू लागते. अशा वेळी तिला मध्येच थांबवून एफ-7 च्या छतावर ओळीने चार पंखे असतात, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे. मी तसेच केले.

‘आमच्या डब्यात एकही नव्हता,’ आत्या म्हणाली, ‘खिडक्या होत्या.’