‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘अ फाइन बॅलन्स’ या आणीबाणीच्या काळातल्या कादंबरीवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. लेख लांबलाय, हे तुमचं म्हणणं मान्य. आणीबाणीची पार्श्वभूमी थोडक्यात आटोपता आली असती. पण पुढे तुम्ही लिहिता, ‘साहेब, जरा जमिनीवर या. कॅनडात बसून लिहिलेलं दुःख आणि फ्लॅटमध्ये बसून गहिवरणारे तुम्ही, दोघांच्याही बोटाला कधी सुई टोचलेली नाही.’ हे वाक्य मी सोडणार नाही.

माझे वडील शिंपी होते. परळच्या एका दुकानासाठी पीसवर शर्ट शिवायचे. मशीन घरीच, खिडकीला लावलेलं, कारण दिवसाउजेडी बल्ब लावायचा नाही असा दंडक होता. काजं-बटणं आईकडे. शाळेतून आलो की कच्चे टाके उसवायचं काम माझं, आणि कापडाला कातर लागली तर पाठीत धपाटा. दिवाळीच्या तोंडावर शेठ हमखास ‘नंतर बघू’ म्हणायचा. वडील ओठांत धरलेल्या टाचण्या न काढता नुसती मान हलवायचे आणि पुढचा गठ्ठा उचलायचे. तेव्हा सुईचं मला तुम्ही शिकवू नका. आज मी फ्लॅटमध्ये राहतो, खरंय. त्याचे हप्ते मी भरतो, तुम्ही नाही.

आणि म्हणूनच त्या कादंबरीतली एक गोष्ट मला जी दिसली ती तुम्हाला दिसली नसावी. दीना दलाल ही विधवा पारशी बाई ईश्वर आणि ओमप्रकाश या काका-पुतण्यांना शिवणकामाला ठेवते. काम देणाऱ्या कंपनीचा पत्ता त्यांना कळला तर ते परस्पर काम घेतील, म्हणून कंपनीत जाताना ती दोघांना आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप घालते. त्यांचे चहाचे कपही वेगळे. बाई दुष्ट नाही हो! घरमालक टपलेला आहे, भावाच्या दारात परत जायचं नाही, एवढ्यावर तिचा जीव टांगलेला. चौथा माणेक, डोंगरातून शिकायला आलेला तिचा पेइंग गेस्ट. या चौघांची मैत्री कुणाच्या भाषणातून होत नाही. कपांचा भेद एके दिवशी न बोलता गळून पडतो, एका चुलीवरचं सगळे खायला लागतात आणि उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची गोधडी वाढत जाते. आमच्याकडेही कातरणीची गोधडी होती. शेठच्या गिऱ्हाइकांचे शर्ट अंगावर घेऊन आम्ही झोपायचो. हे मी आधीच्या लेखात लिहिलं नव्हतं, कारण स्वतःचं घरदार चव्हाट्यावर मांडून पुस्तकाची शिफारस करायची मला सवय नाही. तुम्ही भाग पाडलंत.

राहिला कॅनडाचा मुद्दा. मिस्त्री 1952 साली मुंबईत जन्मले, 1975 साली गेले, कादंबरी आली 1995 मध्ये. गेले म्हणून शहर विसरले? कादंबरीकार भाऊ पाध्ये तर इथलेच, कामगार चळवळीत काम केलेले. 1965 साली त्यांची ‘वासूनाका’ आली तेव्हा अश्लील म्हणून आचार्य अत्रे त्यांच्यावर तुटून पडलेच की. आत राहून लिहिलं तर अश्लील आणि बाहेर जाऊन लिहिलं तर उपरं, मग लिहायचं तरी कुठे बसून, तेवढं सांगा.

तुमचे बाकीचे आक्षेप दोन. एक, संकटं लेखकानं जुळवून आणली आहेत. ओमच्या लग्नासाठी गावाकडे गेलेले काका-पुतणे नसबंदीच्या शिबिरात सापडतात, हे तुम्हाला ‘अती’ वाटतं. आपल्याच विधिमंडळानं 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच. तेव्हा अती कुणी केलं ते बघा. दुसरा आक्षेप, चांभाराच्या घरातले हे दोघे शेवटपर्यंत नुसते सोसतात, दलित लेखक बाबूराव बागुलांच्या कथांतल्या माणसांसारखे उलटून उभे राहत नाहीत आणि त्यांच्या वतीनं रडतो तो वाचक. ओम चिडतो, चांगला चिडतो. उरलेला आवडीनिवडीचा प्रश्न आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक विचारतो. प्रतिक्रियेत तुम्ही माणेकचा उल्लेख एकदाही केलेला नाही. पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला माणूस माणेकबद्दल गप्प कसा राहू शकतो, हे मला उमजत नाही. वाचलं नसेल तर आधी वाचा. वाचलं असेल तर पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानिशी लिहा. टोपणनावानं आली तरी छापेन, पण मग उत्तराची वाट पाहू नका.