चार हजारांचा डबा आणि फुकटचं आकाश

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे एक मजकूर फिरतोय. परवा तो सासुरवाडीच्या ग्रुपवरही आला, म्हणजे महाराष्ट्रभर पोचला असं धरायला हरकत नाही. मजकूर थोडक्यात असा: "मोबाईलमधलं जीपीएस टॉवरवर चालतं. घाटात रेंज गेली की नकाशा गेला. त्यापेक्षा चार हजारांत मिळणारं खरं सॅटेलाईट जीपीएस गाडीत लावा. ते थेट उपग्रहाशी बोलतं, इंटरनेट लागत नाही, नकाशे आयुष्यभर फुकट. गाडी चोरीला गेली तरी सापडते. मोबाईल लावला तर पोलीस पावती फाडतात, याला नाही. आणि नाविक, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रहांवर चालणारं, असं लिहिलेलंच घ्या, अमेरिकेच्या जीपीएसपेक्षा ते अचूक."

खालच्या मजल्यावरचे काका हे वाचून तो जीपीएसचा डबा मागवायला निघाले होते, म्हणून एवढं लिहायला बसलो.

टॉवरचं आधी घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत फिरतात. निदान चार उपग्रहांचं ऐकू आलं की यंत्र आपली जागा काढतं. फोनमधली चिप हेच करते, चार हजारांचा डबाही हेच करतो. फोन मोबाईलच्या जाळ्याची मदत घेतो ती मुख्यतः सुरुवातीला, कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती चटकन मिळावी म्हणून. ती मदत नसेल तर हीच माहिती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि पहिला ठिपका उमटायला थोडा वेळ लागतो, इतकंच.

विश्वास नसेल तर ताम्हिणीत जाऊन बघा. मागच्या पावसाळ्यात मुळशी ओलांडल्यावर मी मुद्दाम फोन विमान मोडवर टाकला. रेंज शून्य, नेट शून्य. निळा ठिपका मात्र प्रत्येक वळणाला आमच्याबरोबर वळत होता. कारण आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला होता. घाटात जे गायब होतं ते जीपीएस नव्हे, नकाशाचं चित्र. ते आधी फोनमध्ये ठेवलं की काम झालं. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारली की ऑफलाइन नकाशांची सोय दिसते. मॅपल्स हे आपल्याकडचं ॲप आहे, आणि लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स तर मुळातच ऑफलाइन चालण्यासाठी केलेलं आहे. नेटशिवाय वाहतूककोंडीची लाल रेघ दिसणार नाही, हे खरं. पण ती नेट नसलेल्या डब्यातही दिसत नाही.

आता "उपग्रहाशी बोलतं" आणि "चोरीची गाडी सापडते" ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. उपग्रहाशी कोणीच बोलत नाही, सगळे फक्त ऐकतात. ट्रान्झिस्टरवर पुणे केंद्र लागलं म्हणजे आपला आवाज आकाशवाणीत पोचला असं होत नाही ना, तसंच. जो डबा फक्त ऐकतो आणि ज्याला इंटरनेट लागत नाही, तो चोराच्या ताब्यात गेल्यावर तुम्हाला कळवणार कसा? कळवायला आत सिमकार्ड लागतं, सिमला रिचार्ज लागतं. ती वस्तूच वेगळी, तिला ट्रॅकर म्हणतात. टॅक्सी-बसमध्ये सरकारने सक्तीचं केलंय ते हेच, आणि गोंधळाचं मूळही तिथेच असावं. ड्रायव्हरदादा म्हणतात "गाडीला जीपीएस आहे", पण ते मालकाला गाडी कुठे आहे ते सांगतं, दादांना रस्ता दाखवत नाही. दुकानदारही दोन्हींना जीपीएसच म्हणतो. ट्रॅकर हवा असेल तर जरूर घ्या, पण रस्ता दाखवायला म्हणून घेऊ नका.

"नकाशे आयुष्यभर फुकट" यावर माझा जास्त राग आहे. कोणाचं आयुष्य? बहुतेक वेळा डब्याचं, आणि तेही बनवणाऱ्याने नवे नकाशे काढणं थांबवेपर्यंत. माझ्या आत्येभावाने असाच एक डबा स्वस्तात घेतला होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या नव्या पुलांचं उद्घाटन झालं, हे सगळ्या पुण्याने पाहिलं. डब्याने नाही. नव्या रॅम्पवर चढलो तर पडद्यावर आमची गाडी रस्ता सोडून पांढऱ्या मोकळ्या जागेत धावत होती आणि आतली बाई शांतपणे "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या" म्हणत होती. भाऊ म्हणाला, "उपग्रह चुकतोय." उपग्रह बिचारा अगदी बरोबर होता. त्याने आम्हाला रॅम्पवरच दाखवलं होतं. रॅम्पच डब्याच्या पोटात नव्हता. नवा नकाशा घालायचा तर मेमरी कार्ड काढा, संगणकाला लावा, काही जीबी उतरवा. भावाने ते एकदाही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही केलं नसतं.

म्हणून स्वस्त डबा निवडताना उपग्रहाची चौकशी कमी आणि नकाशाची जास्त करावी. आकाशातून येणारा संदेश सगळ्यांना सारखाच फुकट आहे, पैसे मोजायचे ते नकाशाला. आणि ताजा नकाशा असला तरी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल बुडालाय हे त्यात असेलच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची गाडी फोनमधल्या नकाशामागे जात अकोले तालुक्यात रात्री पाण्याखालच्या पुलावर गेली, चालकाचा जीव गेला. तिथे फोनच्या जागी डबा असता तरी रस्ता तोच दिसला असता.

जुन्या बाजारात पाच-सहाशेला मिळणारे डबे तर नकोच. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर परत शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ ला ती आली आणि कित्येक जुनी यंत्रं तारीख चुकवायला लागली.

पोलिसांचं म्हणाल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून एवढी मुभा आहे की चालकाचं लक्ष विचलित न होता फक्त रस्ता पाहण्यासाठी हातातलं उपकरण वापरता येतं. फोन कानाला लावलात की पावती. काचेच्या मधोमध चिकटवलेला सात इंची डबा तर मला फोनपेक्षा धोक्याचा वाटतो, मागे लपलेली स्कूटर दिसतच नाही.

नाविकबद्दल मला अभिमानच आहे, पण अचूकतेचा दावा खोक्यावरच्या अक्षरांवर टिकत नाही. ही ७ उपग्रहांची योजना. पहिल्या उपग्रहातली, नेमकी वेळ सांगणारी तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, मे २०२३ मध्ये नव्या पिढीचा एनव्हीएस-०१ हा उपग्रह अवकाशात सोडला, पण जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. नाविक चालणारे फोन त्याला जीपीएसच्या जोडीला घेतात, तेच शहाणपणाचं. पेठांत उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून संदेश उशिरा येतो आणि ठिपका शेजारच्या बोळात जातो. तिथे जितके जास्त उपग्रह ऐकू येतील तितकं बरं, मग ते कुठल्याही देशाचे असोत.

त्या मजकुरात एक गोष्ट नाही आणि तीच डब्याच्या बाजूची आहे: ऊन. एप्रिलच्या दुपारी डॅशबोर्डवर फोन तापतो, पडदा अंधारतो, कधी बंदच पडतो. मी तपकीर गल्लीतून एसीच्या जाळीला अडकणारा होल्डर आणला, गार हवा फोनच्या पाठीवर येते. सतत फोन येणाऱ्यांना मात्र वेगळा पडदा खरोखर सोयीचा.

काकांना तो घ्यायचाच आहे. त्यांना म्हटलं, दुकानात डबा चालू करायला लावा आणि चांदणी चौक मोठा करून बघा. नवे रॅम्प नसतील तर तिथेच परत खोक्यात ठेवायला सांगा.