कुणाचे बारा, कुणाचे तेरा

मुंबईत पगार कुणी तोंडावर विचारत नाही. घर भाड्याचं की स्वतःचं, तेही आडून आडून काढतात. हिमोग्लोबिन मात्र लिफ्टमध्ये, बसच्या रांगेत, कुठेही थेट विचारलं जातं. आकडा सांगितला की ऐकणारा एकतर 'अरे बापरे' म्हणतो, नाहीतर 'माझं साडेचौदा आहे' म्हणतो. तिसरं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

माझा आकडा १२.६ आणि बायकोचा १२.२. शाळेत शिकवलेल्या गणितानुसार मी पुढे. पण रिपोर्टवर माझ्या आकड्यासमोर ठळक अक्षरात 'लो' आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण, तर तिच्यासमोर कोरं करकरीत. जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅनिमियाची रेघ मोठ्या पुरुषासाठी १३ वर आखली आहे आणि बाईसाठी १२ वर, डेसिलिटरला इतके ग्रॅम. त्यामुळे तिच्यापेक्षा जास्त मार्क मिळवूनही मी नापास. बायकोने हा निकाल दुपारच्या आत माहेरी कळवला.

हे सगळं दिवाळीच्या ऑफरपायी झालं. जोडप्याने फुल बॉडी चेकअप केलं तर दुसऱ्याला निम्मे पैसे. भांडुपसारख्या ठिकाणी सकाळी साडेसहाला दूधवाल्याच्या आधी लॅबचा मुलगा दारात. "काका, मूठ आवळा," म्हणाला. मी आवळली. "काका, एवढी नको." नुसत्या हिमोग्लोबिनसाठी उपाशी राहावं लागत नाही, साखर आणि चरबीसाठी राहावं लागतं, पण पॅकेज म्हटलं की चहाविना बसणं आलंच. जांभळ्या टोपणाची नळी हिमोग्लोबिनची. आत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्याने ती हलकेच उलटीपालटी केली आणि पुढच्या घरी पळाला.

लहानपणी आमच्या लालबागच्या डॉक्टरांकडे असली घाई नव्हती. कंपाउंडर बोटाला टोचून बारीक नळीने रक्त चक्क तोंडाने ओढायचा, ते अ‍ॅसिडमध्ये सोडायचा आणि रक्त तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळवत बसायचा. साहली नावाच्या स्विस डॉक्टरची ही पद्धत. रंग खिडकीपाशी उजेडात बघायचा असल्यामुळे पावसाळ्यात अख्ख्या चाळीचं हिमोग्लोबिन कंपाउंडरच्या दयेवर असे. आता यंत्र दशांशात आकडा देतं, त्यामुळे भांडणंही दशांशावर होतात.

रिपोर्ट मी घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात नाशिकहून मेहुण्याचा फोन. "भावोजी, हलू नका! अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली का?" त्याने पान दुसरंच उघडलं होतं. तिथे एचबीएवनसी ५.५ लिहिलेलं. 'एचबी' एवढंच वाचून त्याने माझ्या अंगात साडेपाच ग्रॅम रक्त शिल्लक असल्याचं जाहीर केलं होतं. ते साडेपाच टक्के होते. हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे, ते त्यातून कळतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशेब त्यात सापडतो. हे मी त्याला नीट समजावलं. "म्हणजे डायबेटिस पण आहे?" तो म्हणाला.

त्याच रविवारी आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. तिथे निळ्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडतात. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगला तर खाली. माझा थेंब जरा विचार करून बुडाला. बायकोचा तरंगला.

"असं कसं? लॅबने मला पास केलंय," ती म्हणाली.

"काकू, इथे बाई-पुरुष सगळ्यांना साडेबाराच," टेबलावरचा मुलगा म्हणाला.

आठवडाभरात मला मिळालेला हा पहिला न्याय. मी बाही सरसावून खाटेकडे निघालो, तोच बायकोने मोबाइल उघडून शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना तो खाली तोंड केलेला बाण दाखवला. घरभेदी म्हणतात तो हाच. रक्त कमी का झालं ते कळेपर्यंत दान नको, असं बाईंनी गोड आवाजात सांगितलं. बिस्किटांचा पुडा मात्र दोघांना मिळाला.

शिबिरात झालेली गोष्ट म्हणजे सोसायटीत झालेली गोष्ट. संध्याकाळी सावंत काकू बीट घेऊन आल्या. त्यांच्या मागून गूळ, खजूर, डाळिंब आणि लोखंडी कढई आली. यातल्या कढईला मी मान देतो. तिच्यात आंबट काही शिजवलं की लोह खरोखर जेवणात उतरतं. हळिवाचे लाडूही नावाला जागतात, वर लिंबू घेतलं तर आणखी. पण बीट! त्याच्या लालीत लोहाचा काही संबंध नाही, तो निराळाच रंग आहे. तरी काकू समोर बसून होत्या, म्हणून वाटीभर संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये खाली पाहिलं आणि मी भिंत धरली. बिटाने लघवी लाल होते, आणि ज्यांचं लोह कमी असतं त्यांची जास्त होते, हे मला दुपारी कळलं. सकाळ ते दुपार मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. फ्लॅट बायकोला, बीट काकूंना परत.

शेवटी डॉक्टर. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली. मग एमसीव्हीचा आकडा, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ७४ होता, तो पेशींच्या संख्येने भागला. उत्तर १३ च्या वर आलं. "खाली आलं असतं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाचा, संशय घेतला असता. तुमचं लोहच कमी दिसतंय."

मी विचारलं, एवढ्याशा दशांशाने बिघडतं काय? ते म्हणाले, हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. मी म्हटलं, म्हणजे लोकलचा बाक. ते म्हणाले, बरोबर उलटं. लोकलमध्ये चौथी सीट मिळवायला मांडीने झगडावं लागतं. इथे पहिला बसला की पुढच्यांना बसणं सोपं जातं. बाकच कमी झाले की मग जिन्यात धाप लागते. ठाणे स्टेशनच्या पुलावर लागणारी धाप मी इतकी वर्षं रेल्वेच्या खात्यावर टाकत होतो.

मग ते मुद्द्यावर आले. "बाईचं कमी झालं तर आधी पाळीबद्दल विचारतो. पुरुषाचं कमी झालं तर रक्त जातंय कुठे ते शोधायचं. मूळव्याध? अ‍ॅसिडिटी? पाठीसाठी गोळ्या? शी काळी होते का?" एवढ्या चौकशीनंतर त्यांनी लोहाची गोळी लिहून दिली. तिने शी काळी होतेच, म्हणून आधी शीची तपासणी करून घ्या, म्हणाले. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. पुढेमागे तासभर चहा नाही. आकडा सुधारला तरी आणखी तीन महिने, कारण रक्त भरलं तरी कोठार रिकामं असतं.

'कोठार' ऐकून बायको हसली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमचं फेरिटिन केलंय का? म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी?" केलं नव्हतं, ते ऑफरमध्ये नव्हतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: ८, म्हणजे कमीच. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं, त्यामुळे १२.२ ला कोऱ्या जागेसमोर बसलेली बाईही आतून रिकामी असू शकते. मी हा निकाल तिच्या माहेरी कळवण्यासाठी मोबाइल हातात घेतला.

"खुशाल कळवा," ती म्हणाली. "मीही ग्रुपवर टाकते, तुमच्या तपासणीची डबी उद्या सकाळी लॅबमध्ये कोण नेऊन देणार ते."

मी मोबाइल खाली ठेवला. डबी मीच नेली, नेहमीच्या ८.१२ च्या लोकलने, जेवणाच्या डब्याखाली ठेवून. चौथी सीट मिळाली नाही.